निळ्या डगल्यांचा वास

माझ्या उशीला माझाच वास यावा यात वावगं काय, हे मला अजूनही समजलेलं नाही. शेजारच्या कुणाचा आला असता तर चौकशी करणं रास्त होतं. पण माझी बायको सुमिए हिने ती उशी दोन बोटांत धरली, हात लांब करून गॅलरीपर्यंत नेली आणि म्हणाली, "अहो, हा वयाचा वास आहे. टीव्हीवर सांगतात ना, तोच."

आमच्या जपानात या वासाला रीतसर नाव आहे. पुरुष पन्नाशी ओलांडतो, मग त्याला चष्मा लागतो, मग हे. मी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कंपनीत कल्याण विभागाचा उपप्रमुख आहे. ऑफिसात माझ्यापुढे माणसं कमरेत वाकतात. आता ती वाकल्यावर आदराने थांबतात की श्वास रोखून थांबतात, अशी एक नवीच शंका मला छळू लागली.

त्या रविवारी मी घरसामानाच्या मोठ्या दुकानात गेलो. साबण घ्यायला. तिथे एक तरतरीत विक्रेती टेबलावर दोन काचेच्या बरण्या मांडून उभी होती. दोन्हींत निळं पाणी. एका बरणीला आतून कसलासा लेप होता, दुसरीला नव्हता. तिने दोन्हींवर दिवा लावला आणि बोलत राहिली. हा लेप म्हणजे एक पांढरी पूड, भिंतीच्या रंगात घालतात तीच. अंधारात ती स्वस्थ बसते. उजेड पडला की जागी होते आणि अंगाला लागेल ते फोडून टाकते. जंतू, बुरशी, घामाचा वास, सगळं. कापडावर फवारा, उजेडात ठेवा, आपलं आपण स्वच्छ होत राहतं. ती बोलत असताना लेपाच्या बरणीतलं पाणी हळूहळू नितळ होत गेलं.

"निळा रंग गेला कुठे?" मी विचारलं.

"गेला, साहेब."

"म्हणजे कुठे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की तिच्या नोकरीत हा प्रश्न पहिल्यांदाच आला असावा. "त्याचे तुकडे झाले," ती म्हणाली. "त्या तुकड्यांचे आणखी तुकडे झाले. आता तिथे निळं असं काही उरलंच नाही."

मी साबण विसरलो. कापडासाठीची फवाऱ्याची बाटली घेऊन घरी आलो. उशी हे निमित्त. खरं म्हणजे ती निळाई डोक्यातून जाईना.

उशीच्या अभ्र्याच्या मधोमध मी दोरा घातला. डावा भाग फवारला, उजवा तसाच ठेवला, आणि अभ्रा गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातला. आमच्या चार मजली वसाहतीत गॅलऱ्या एकावर एक आहेत, त्यामुळे चौथ्या मजल्यावर वाळणाऱ्या कपड्यांविषयी तळमजल्यालाही मत असतं. तळमजल्यावर होत्ता आजी राहतात. त्या खालून म्हणाल्या, "काय हो उगाकी, अर्धीच उशी धुतलीत?"

मी खाली जाऊन त्यांना सगळं समजावलं. पूड, उजेड, जंतू, तुकडे. आजींनी मुळा सोलता सोलता शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे उन्हात टाकायची," त्या म्हणाल्या.

"तसं नाही आजी. आधी हे फवारायचं."

"आणि मग?"

"मग उन्हात टाकायची."

"मी आधीचं काही न करता टाकते," आजी म्हणाल्या. "गाद्या, उशा, आमचे हे होते तेव्हा त्यांनाही टाकायची. जातो वास."

या बाईंशी शास्त्रावर बोलण्यात अर्थ नाही असं मी ठरवलं. पण वर येताना जिन्यात त्यांचं म्हणणं माझी पाठ सोडेना. म्हणून मी वापरातले दुसरे दोन अभ्रे घेतले, त्यांतला एकच फवारला, आणि दोन्ही घरातच खिडकीपाशी ठेवले, जिथे फक्त उजेड येतो, ऊन येत नाही. आठवडाभराने सुमिएला डोळे मिटून बसवलं आणि एकेक कापड तिच्या नाकाखाली धरलं.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

"ते तू सांगायचंस."

"तुम्ही."

"आणि हे?"

तिने पुन्हा हुंगलं. कपाळाला आठी घातली. मग डोळे उघडले. "हे नुसतं कापड आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात जरासं आश्चर्य होतं. "अहो, खरंच नुसतं कापड."

एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्या कृत्याने तिला आश्चर्य वाटल्याचं मला आठवत नाही. मी त्याच दुपारी पडदे, चपला ठेवायचं कपाट आणि बाथरूमचं पायपुसणं फवारलं. दुसऱ्या दिवशी ही बातमी वसाहतभर झाली. सुमिएने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने फक्त होत्ता आजींना सांगितलं होतं.

आता निवा-सान, म्हणजे निवासाहेब. हे आमच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष. पोस्टातून निवृत्त झाले तेव्हापासून अध्यक्ष आहेत, कारण निवडणुकीच्या दिवशी सगळे खाली बघतात. गृहस्थ भला आहे. कचरा वर्गवारीने टाकला नाही तर पिशवी उघडून, आतलं पाकीट वाचून, ज्याचं त्याच्या दारात आणून ठेवतो. ते आले तेच हातात घरोघर फिरणारी सूचनांची पाटी घेऊन, पण पाटी द्यायला आलेले नव्हते.

"उगाकी," ते बसत म्हणाले, "डगल्यांचं काहीतरी करा."

आमच्या भागाच्या देवळाचा उत्सव शरदात असतो. प्रत्येक वस्ती देवाची आपली पालखी खांद्यावर घेते आणि मिरवत देवळात आणते. वाहणारे सगळे सारखा निळा, आखूड डगला घालतात, पाठीवर वस्तीचं नाव. आमचे डगले सभागृहातल्या पेटीत असतात. धुतले तर नीळ उतरते, म्हणून कधी धुतलेले नाहीत. निवा-सान यांच्या तरुणपणापासूनचा घाम त्यांत मुरलेला आहे, वरून कापराच्या वड्या. पेटी उघडली की ज्यांना सर्दी आहे तेच पुढे होतात.

"गेल्या वर्षी माणसं इतकी कमी होती की पालखी कोपऱ्यावर टेकवावी लागली," निवा-सान म्हणाले. "यंदा मी सगळ्या तरुण बिऱ्हाडांना पाटीवरून विचारलं, का येत नाही म्हणून. सगळ्यांचं एकच उत्तर. डगल्यांना वास येतो." त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "देवळाच्या पंचांनी मला बोलावून सांगितलं. यंदा माणसं जमली नाहीत तर आमची पालखी टेम्पोवर ठेवायची. टेम्पोवर, उगाकी. भाजीसारखी."

त्यांचा आवाज जरा हलला. मी त्यांना पाटीबद्दल, सायकलींबद्दल, कुत्र्यांबद्दल रागावलेलं पाहिलं होतं. असं पाहिलं नव्हतं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की डगले माझ्याकडे लागले.

सभागृह नगरपालिकेचं, म्हणून निवा-सान आणि मी परवानगीला गेलो. खिडकीतल्या बाईंनी नम्रपणे विचारलं, "हे औषध आहे, रंग आहे की साबण?"

"तिन्ही," मी म्हणालो. हे म्हणायला नको होतं.

औषध असेल तर आरोग्य विभाग, दुसरा मजला. आरोग्यवाले म्हणाले, माणसाला देणार नसाल तर आमचं नाही. रंग असेल तर बांधकाम. बांधकामवाले म्हणाले, भिंतीला लावणार नसाल तर आमचं नाही. साबणाला विभागच नव्हता. शेवटी पुन्हा त्याच बाईंकडे आलो. त्या म्हणाल्या, "सभागृहात फवारू नका, एवढं मी माझ्या जबाबदारीवर सांगते. बाहेर फवारा."

"बाहेर म्हणजे अंगणात?"

"अंगण उद्यान विभागाचं आहे," त्या म्हणाल्या आणि खरोखर वाईट वाटल्यासारख्या वाकल्या.

उरली आमची गॅलरी. दक्षिणेकडची, दिवसभर ऊन. पेटी चौथ्या मजल्यावर चढवताना माझ्या लक्षात आलं की माझी बाटली पडद्यांवरच संपत आली आहे. दुकानात गेलो तर कापडाचा फवारा संपलेला. तेव्हा निवा-सान यांनी आपल्या भाच्याकडून एक डबा आणला. भाचा इमारतींच्या बाहेरच्या भिंतींना हाच लेप देतो. काजळी धरत नाही, शेवाळ धरत नाही.

"हा भिंतीचा आहे," मी म्हणालो.

"तर मग जोरदारच असणार," निवा-सान म्हणाले. "पाऊस सोसतो, वादळ सोसतो. घाम काय चीज आहे? दोन हात द्या."

दुकानातल्या मुलीने कापडाचं आणि भिंतीचं वेगळं का केलं असेल, हा प्रश्न माझ्या मनात आला होता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. पण त्यामागोमाग दुसरा प्रश्न आला, की भिंतीचं कापडाला लावलं तर काय होईल. आणि दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा फारच आवडला. मी दोन हात दिले.

वादळ नुकतंच येऊन गेलं होतं आणि आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. डगले कठड्यावर ओळीने फडफडू लागले. खालून जाणारे मान वर करत. मी ऑफिसला निघताना त्यांच्याकडे पाहून जरा ताठ चालायचो.

मग एका सकाळी सुमिए गॅलरीतून म्हणाली, "अहो, हे तुम्ही धुतलेत का?"

"नाही."

"मग इकडे या."

डगले निळे होते. पण जे निळे आणून घातले होते ते हे निळे नव्हते. हे लांबच्या डोंगराचं निळं. मी एका डगल्याला लावलेला चिमटा काढला. चिमट्याखाली, नखाएवढ्या चौकोनात, जुना गडद रंग जसाच्या तसा बसलेला. बाही उचलली, तर बाहीखाली दुसरी गडद बाही. कठड्याच्या गजांची सावली पडते तिथे पट्टे. नाक लावलं, तर वास काडीचा नाही. नुसतं कापड.

मी घाबरलो हे खरं, पण त्याआधी क्षणभर मला फार आनंद झाला, हेही खरं. बरणीतल्या पाण्याचं मला शेवटी कळलं. त्या पुडीला कुणी सांगितलेलंच नव्हतं की घाम ही घाण आहे आणि नीळ हा रंग आहे. तिला दोन्ही सारखेच. उजेड पडला की समोर असेल ते फोडायचं, एवढंच ती जाणते. घाण कुठली ते आपण ठरवतो.

"छान," सुमिए म्हणाली. "आता हे निवा-सान यांना सांगा."

मी सांगितलं नाही. मी ठरवलं की रंग जातोच आहे तर निदान सारखा जाऊ दे. मी रजा टाकली आणि डगले उलटवत बसलो. पाठ वर, मग पोट वर, मग बाह्या ताणून. एका बाजूने पट्टे गेले की दुसऱ्या बाजूने येत. होत्ता आजी खाली खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"सुकट घातलीय का?" त्यांनी विचारलं.

"डगले आहेत, आजी."

"मांजरं बघा बरं."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. निवा-सान घरात शिरले ते थेट गॅलरीत. त्यांनी एक डगला हातात घेतला, पाठीवरचं वस्तीचं नाव पाहिलं. पूर्वी ते पांढऱ्या अक्षरांत गडद निळ्यावर झळकत असे. आता अक्षर आणि पाठ एकमेकांशी फारसं भांडत नव्हती.

मी कमरेत वाकलो. खूप खोल वाकलो. कल्याण विभागात इतकं खोल वाकायची वेळ माझ्यावर कधी आलेली नव्हती.

"भाच्याचा डबा," निवा-सान हळूच म्हणाले.

"हो, पण हात माझा."

"दोन हात मी सांगितले."

आम्ही दोघेही थोडा वेळ एकमेकांकडून दोष ओढून घेत राहिलो. आमच्याकडे ती रीत आहे, आणि त्यात जिंकणाऱ्याचंच नुकसान होतं. मग निवा-सान यांनी तो डगला नाकाशी धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"माझ्या थोरल्या भावाचा हा," ते म्हणाले. "दर वर्षी मी नाक मुरडायचो. म्हणायचो, काय हा माणूस, मेला तरी घाम गाळतोय." त्यांनी डगल्याची घडी घातली, बाह्या आत दुमडून, अगदी पोस्टातल्या पार्सलसारखी. "गेला की हो वास."

ऊन होतंच, त्यामुळे निवा-सान गेल्यावर मी डोळे पुसले ते घामाचे असंही म्हणता येईल. त्या दिवसापासून मी त्या लेपाची माहिती कुणाला हौसेने सांगितलेली नाही.

पण पालखी उचलायची तर होती. निवा-सान यांनी पाटी पुन्हा फिरवली. डगल्यांचा वास पूर्ण गेला आहे, तरी तरुणांनी यावं. पाटी फिरून आली. या वेळी सगळ्यांचं उत्तर होतं की रंग जरा फिका वाटतो.

"असं कसं," मी सुमिएला म्हणालो. "वास होता तेव्हा वास, आता रंग."

"अहो, पाटीवर कुणी खरं लिहितं का?" ती म्हणाली आणि चपला घालून बाहेर गेली.

तिसऱ्या मजल्यावर योकोई नावाचा मुलगा राहतो. मुलगा म्हणजे तिशीचा, बायको-लेकरं असलेला, खांदे कपाटासारखे. तिने त्याला जिन्यात गाठलं. मी वरच्या वळणावर उभा होतो. योगायोगाने.

"योकोई, वास खरंच इतका यायचा का रे?"

"अं, थोडा, काकू."

"खरं सांग. मी कुणाला बोलणार नाही."

योकोई कुजबुजला, पण खांद्यांसारखाच त्याचा आवाजही मोठा आहे. "वासाचं काही नाही हो काकू. जिममध्ये याहून वाईट येतो. ते भाषण. पालखी ठेवल्यावर निवा-सान बोलतात ना. उन्हात उभं राहून. पहिल्या वर्षी माझी बायको कडेवर पोर घेऊन चक्कर येऊन पडली, तरी ते भाषणात पोस्टाच्या जुन्या इमारतीपर्यंतच पोचले होते. असं पाटीवर कसं लिहिणार?"

म्हणजे डगले बिचारे निरपराध होते. आम्ही त्यांची सालटी काढली ती सौजन्यापायी.

सुमिए तशीच खाली निवा-सान यांच्या दाराशी गेली. तिथे ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, कारण होत्ता आजींनी मला मध्येच अडवून, मागे मुळा घालून दिलेली त्यांची वाटी धुवून परत मागितली. सुमिए परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"सांगितलंस?"

"सांगितलं. म्हटलं, माणसं येतील, बायकाही येतील, खांदा देतील. फक्त भाषण नको."

"बायका?"

"का, आम्हाला खांदे नाहीत?" ती म्हणाली. "आम्हाला आजवर कुणी विचारलंच नाही. निवा-सान यांनाही हेच म्हटलं."

"मग ते?"

"म्हणाले, ठीक आहे. मग मला दारापर्यंत पोचवायला निघाले, आणि आम्ही उभे होतो दारातच."

उत्सवाच्या दिवशी ऊन कडक होतं. दुसऱ्या वस्त्यांचे डगले गडद निळे, रात्रीसारखे, आणि आम्ही त्यांच्यात धुवून धुवून विटलेल्या आभाळासारखे. शेजारच्या वस्तीचा एक गृहस्थ हसला. "काय हो, जुन्या बाजारातून आणलेत का?" मी त्याला पूड, उजेड आणि तुकडे यांविषयी सांगायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात निवा-सान यांची शिट्टी झाली आणि माझा खांदा दांड्याखाली गेला.

पुढे योकोई, मागे मी, मध्ये सुमिए आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी, ज्यांची ओळख मला त्या दिवसापर्यंत फक्त वाळत घातलेल्या टॉवेलांवरून होती. पालखी वर आली. मला वाटलं होतं त्याहून ती फार जड होती. कोपऱ्यावर, जिथे गेल्या वर्षी टेकवली होती, तिथे मी श्वास रोखून दांडा वर रेटला. सुमिए समोरून म्हणाली, "अहो, श्वास घ्या, रोखू नका," आणि कोपरा मागे पडला. देवळाच्या पायऱ्यांशी पंच उभे होते. बाजूला टेम्पो, त्यात बसलेला ड्रायव्हर पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली करून आमच्याकडे पाहिलं, गाडी सुरू केली आणि निघून गेला.

पालखी ठेवली. सगळे घामाने निथळत, झाडाखाली. होत्ता आजींनी भाताचे गोळे आणि आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोत शिजवलेला मुळा मांडून ठेवला होता. निवा-सान दिवसभर शिट्टीखेरीज एक शब्द बोलले नव्हते. ते पालखीशेजारी उभे होते, भावाचा डगला अंगात, हात बाजूला, एखाद्या बंद केलेल्या पोस्ट ऑफिससारखे.

योकोईलाच ते बघवलं नसावं. तो म्हणाला, "निवा-सान, बोला ना दोन शब्द."

त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे आपोआप सावलीत आणखी आत सरकलो. निवा-सान पुढे आले. घसा साफ केला. आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, बायकांकडे जरा जास्त वेळ, आणि तोंड उघडलं. मग मिटलं.

"भात गार होतोय," ते म्हणाले, आणि खाली बसले.

टाळ्या इतका वेळ चालल्या की पंचही वळून बघू लागले. निवा-सान माझ्या शेजारी बसले होते. टाळ्या ओसरल्यावर माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"फार उत्तम."

"मला अजून थोडं म्हणायचं होतं."

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि त्यांच्या ताटलीत मुळ्याचा मोठा तुकडा वाढला.